पट कमी म्हणून गुणवत्ता कमी? पटलं नाही

लेखात म्हटलंय की पटसंख्या कमी म्हणून खेड्यातल्या शाळेची गुणवत्ता घसरते, हे अजिबात पटलं नाही. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पहिली ते पाचवीची झेडपी शाळा, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंत मास्तर दोनच, त्यातले एक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला नाहीतर मीटिंगला, मग उरलेले सर फळ्यावर मधात रेघ मारून इकडं दुसरीची बेरीज अन् तिकडं चौथीचा भागाकार घेतात, वरून खिचडीचा हिशोब ॲपवर भरायचा तो वेगळाच.

अन् दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की मायबाप वावरात, मोठी पोरगी लहान भावाला सांभाळायला घरी. माझी पुतणी वाचनात हुशार आहे हो, पण वेचणीत तिचा भागाकार सुटला तो सुटलाच, परत शिकवायला वेळ कोणाजवळ आहे? कमी पटाच्या शाळा बंद करायच्या गोष्टी नंतर करा, आधी तिसरा मास्तर द्या.