सीलबंद फराळ तुम्हीच खा

आज सकाळी भाजणीचे तांदूळ धुऊन पंच्यावर पसरत होते, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीचा मेसेज. "पाडव्याच्या एकत्र फराळाला कृपया घरगुती पदार्थ आणू नयेत. हायजीन आणि युनिफॉर्मिटीच्या दृष्टीने प्रत्येक फ्लॅटमागे ३०० रुपये जमा करून सीलबंद बॉक्स मागवण्यात येतील." खाली पटापटा अंगठे. हात ओले होते म्हणून बरं, नाहीतर तिथल्या तिथे काय टाइप केलं असतं कोण जाणे. आता तांदूळ वाळलेत, डाळी भाजून झाल्यात, मी मोकळी आहे. लिहितेच.

युनिफॉर्मिटी! फराळ काय शाळेचा गणवेश आहे? एकीचा चिवडा गोडसर, दुसरीचा लसणाचा, तिसरीकडे खोबऱ्याचे काप जास्त, म्हणून तर सगळ्यांच्या ताटातलं चाखायचं असतं.

आणि हायजीन म्हणे. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडतात त्या काय माझ्या ओट्यावर पडतात? भेसळीचा खवा कुठे सापडतो? दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खावी एवढं लिहायचं, तर त्यालासुद्धा २०२०च्या ऑक्टोबरपासून सक्ती करावी लागली. आणि संशय कुणावर, तर माझ्या कढईवर. माझं तेल कुठलं, तळणीचं उरलेलं तेल मी कशाला वापरते, हे बघायचं असेल तर दोन जिने चढून या, दाखवते. बॉक्सवाल्याला विचारून बघा हं असलं काही.

माझे बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. भाद्रपदात गेले ते. आम्ही तेव्हा गिरगावात, चाळीत. मी दहावीत, भाऊ चौथीत. आई म्हणाली, यंदा कढई चढणार नाही. अशा घरी मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वसुबारसेपासून डबे यायला लागले. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. दार उघडंच असायचं, डबा ओट्यावर ठेवायचा, आईजवळ थोडा वेळ बसायचं आणि जायचं. शेजारच्या काकूंच्या चकल्या जन्मभर मऊ पडल्या, तेल पुरतं तापायच्या आतच घाणा सोडायची घाई. आई एरवी त्यावरून हसायची. बाबा गेल्यापासून ती ताटावर नुसती बसून उठायची, पण त्या मऊ चकल्या तिने चहाबरोबर खाल्ल्या. काकू समोर बसून होत्या म्हणून खाल्ल्या असतील. पण खाल्ल्या.

कुणाच्या घरी काय झालंय ते बघून सीलबंद बॉक्स येतो का हो? तो फ्लॅट नंबर बघून येतो.

बरं, मान्य. आधीच मान्य करून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये माझ्याच मैत्रिणी धुतील. फराळापायी बायकांच्या कमरेचा निकाल लागायचा. ऑफिसातून येऊन रात्री बेसन भाजत उभं राहणं मी बँकेतल्या नोकरीबरोबर वर्षानुवर्षं केलंय, मला नका सांगू. चाळीत निदान करंज्यांना सगळ्या एकत्र बसायच्या. एक लाटणार, एक भरणार, एक कातणार, आणि तळायला जिचा हात बसलेला तीच. आज कुणाला बोलावणार? आमच्याकडे सोऱ्या नवरा फिरवतो. त्याच्या दंडात जोर आहे म्हणून, बाकी क्रांती वगैरे काही नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल विकत आणावं. बचत गटाच्या बायकांकडून आणा, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा, तोही कुणाच्या तरी हातचाच असतो आणि तिचं घर त्यावर चालतं. विकतच्या फराळाशी माझं भांडण नाही. "आणू नयेत" हे सांगणारे तुम्ही कोण, एवढंच विचारतेय.

मागच्या दिवाळीत आमच्याकडे सुकामेव्याचा एक भलामोठा बॉक्स आला. वर सोनेरी रिबीन, आत मखमल, आणि मखमलीखाली दुसऱ्याच कुटुंबाला शुभेच्छा देणारं कार्ड. किती घरांचा पाहुणचार घेऊन तो आमच्याकडे पोचला देव जाणे. सोनपापडीवर तर विनोद करून करून लोक दमले. चकली अशी गावभर फिरत नाही. आणणारा जिना उतरायच्या आत डबा अर्धा झालेला असतो.

अनारसे केलेत का कधी, अंगठेवाल्यांनो? तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून, ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा ठेवून द्यायचा, चांगला मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. एवढं करून तुपात फुटून हसला की हसला, झाऱ्याने गोळा करत बसा. जिने तुमच्या ताटात दोन अनारसे ठेवले, तिने तुमची आठवण आठवडाभर आधी काढलेली असते. ही किंमत ३०० रुपयांत बसवून दाखवा.

आणि हे फराळापुरतं राहिलेलं नाही. मुलांचे किल्लेसुद्धा आता तयार मिळतात, बुरूज-तटासकट, उचलून आणला की झालं. माती कालवायची नाही, पोत्याचे डोंगर नाहीत, अळीव पेरून हिरवळ उगवायची वाट बघणं नाही. कामट्या बांधून, खळ शिजवून केलेला कंदील शेवटचा कधी बघितलात? माझ्या मुलाने शाळेत असताना केलेला कंदील एका बाजूला कलायचा. आम्ही तो तसाच गॅलरीत लावायचो आणि समोरच्या इमारतीतले आजोबा दरवर्षी त्याची चौकशी करायचे. जाऊ दे, या विषयावर मी घसरले की पहाट होईल.

बाबा गेले त्या दिवाळीचं अर्धंच सांगितलं. चाळीत तळमजल्यावर गोव्याकडच्या आंटी राहायच्या. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे जायचं, नाताळला त्यांचं आमच्याकडे यायचं. नेवऱ्या, नारळ-गुळाचं दोदोल आणि आम्हा मुलांचे जीव की प्राण कलकल. नेवरी म्हणजे आपली करंजीच, हे आईचं म्हणणं, आणि करंजी म्हणजे आमची नेवरीच, हे आंटींचं. तर त्या वर्षी आंटींनी नाताळची वाट बघितली नाही. नरकचतुर्दशीला उजाडता उजाडता वर आल्या, डबाभर कलकल घेऊन. कलकल म्हणजे पिठाची एकेक गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, वळवायची, मग तळायची. डबा भरायला किती गोळ्या लागतात याचा हिशेब करा. त्यांच्या घरी तेव्हा कुठलाही सण नव्हता. भाऊ डबा मांडीवर घेऊन बसला तो उठेचना, आणि आंटी आईला एवढंच म्हणाल्या, "पोरांना खाऊ दे गं, मी पुन्हा करीन."

हे लिहिताना माझा राग बराच उतरलाय, खरं सांगायचं तर. मेसेज टाकणारा मुलगा वाईट नाही. लिफ्ट अडकली की तोच पळत येतो, पाण्याच्या टँकरसाठी रात्री अकराला तोच फोन करतो. मागच्या वर्षी कुणाचं तरी पोट बिघडलं आणि बोलणी त्याने खाल्ली, हेही मला माहीत आहे. कुणाला डायबिटीस असतो, कुणाच्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी, तेही खरं. मग विचारा की. डब्यावर चिठ्ठी लावायला सांगा, काय काय घातलंय ते. मी लावीन, दोन भाषांत लावीन. पण एकमेकांना विचारायला लागू नये म्हणून सगळ्यांनी एकसारखं सीलबंद खायचं, ही कसली सोय? आमच्या मजल्यावर एक कुटुंब जूनमध्ये राहायला आलंय. कुठून आलेत, घरात कोण कोण आहे, काहीही माहीत नाही. त्यांचं दार वाजवायला मला दिवाळीशिवाय दुसरं निमित्त नाही. बॉक्स तर वॉचमन देऊन येईल.

आणि ज्या वहिनींनी मेसेजवर पहिला अंगठा टाकला, त्या माझ्याकडून दरवर्षी चिवड्याचा "थोडा जास्तच" डबा नेतात. नाव लिहीत नाही. डबाही अजून परत आलेला नाही. आमच्या आईने त्या वर्षीचे सगळे डबे तुळशीचं लग्न झाल्यावर घासून पुसून, प्रत्येकात वाटीभर साखर घालून परत केले होते. घरात तेव्हा कमावतं कुणी नव्हतं, तरी एकही डबा रिकामा गेला नाही.

तर माझं ठरलंय. ३०० रुपये देईन, कमिटीशी वैर नको. पण पाडव्याला टेबलावर बॉक्सशेजारी माझं ताट असेल. चकली, चिवडा, शंकरपाळे. ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये, मी आग्रह करणार नाही (करीन, पण एकदाच). कमी तिखटाच्या चकल्या लहान मुलांसाठी वेगळ्या डब्यात असतील, मोठ्यांनी त्यात हात घालू नये. अनारसे मोजकेच होतात, ते टेबलावर येणार नाहीत, ज्यांना हवेत त्यांनी घरी यावं. आणि वहिनी, येताना स्टीलचा डबा घेऊन या. उभा, कडीवाला, झाकणावर माझं नाव कोरलेला.