रोलआउट स्विच न बदलता गॅस का बंद केला : आपल्या तक्रारीस उत्तर

आदरणीय ग्राहक,

आमच्या पहिल्या तंत्रज्ञाने एक बटण दाबून आपली फर्नेस (घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी) सुरू करून दिली, तीन दिवसांत ती पुन्हा बंद पडली, आणि दुसऱ्या खेपेस आलेल्याने तो लहानसा स्विच बदलण्याऐवजी गॅसची तोटी बंद करून ऐन थंडीत, घरात लहान मूल असताना, आपल्याला तसेच सोडले; हे सारे नवी फर्नेस गळ्यात मारण्यासाठी केले, अशी आपली तक्रार आहे. पहिल्या भेटीबद्दलचे आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

ते बटण रोलआउट स्विचचे होते. फर्नेसमध्ये लिमिट स्विच नावाचा आणखी एक सुरक्षा स्विच असतो; हवा फार तापली की तो उघडतो, म्हणजे विजेचा प्रवाह तोडून ज्योत विझवतो, आणि थंड झाल्यावर बहुधा आपोआप जुळतो. त्यामागे धुळीने भरलेल्या फिल्टरइतके साधे कारणही असू शकते. रोलआउट स्विचचे तसे नाही. तो बर्नरपाशी असतो, ज्योत आत ओढली जाण्याऐवजी बाहेर येऊ लागली की तिच्या उष्णतेने उघडतो, आणि सहसा हाताने दाबल्याशिवाय जुळत नाही, कारण कोणीतरी येऊन आधी कारण शोधावे, अशीच त्याची रचना आहे. आमच्या माणसाने ते शोधले नाही. फर्नेस पेटली, दहा मिनिटे चालली, एवढ्यावर समाधान मानून तो निघाला. ही वेळ मारून नेणारी दुरुस्ती होती.

दुसऱ्या तंत्रज्ञाने स्विचच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला तेव्हा २४ व्होल्ट दिसले, म्हणजे स्विच उघडलेला होता. बटण दाबताच आकडा शून्यावर आला, म्हणजे स्विच स्वतः ठीक होता. मग त्याने फर्नेस पेटवून ज्योतींवर नजर ठेवली. पहिले अर्धे मिनिट चारही ज्योती निळ्या आणि सरळ होत्या. ब्लोअर, म्हणजे घरात गरम हवा ढकलणारा पंखा, सुरू होताच तिसरी थरथरली, पिवळी पडली आणि बर्नरच्या तोंडाबाहेर आली. स्विचला जाणाऱ्या तारेचे आवरण तिथेच करपलेले होते. कॅमेरा आत घातल्यावर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाच्या, वळणावर तडा दिसला. ब्लोअरची हवा त्या तड्यातून ज्योतीवर येत होती, आणि त्याच तड्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरातल्या हवेत मिसळू शकतो. त्याला ना रंग असतो ना वास. नवा स्विच बसवला असता तर तोही असाच उघडला असता. तार जोडून त्याला वगळणे तर आम्ही कोणाच्याही घरी करणार नाही. म्हणून गॅस बंद करण्याच्या निर्णयाच्या मी पूर्णपणे पाठीशी आहे.

मात्र "चालवू नका" एवढेच सांगून निघून जाणे चुकीचे होते. तड्याचे छायाचित्र त्याने तिथेच दाखवायला हवे होते आणि रात्रीपुरती उबेची सोय करूनच निघायला हवे होते. सर्व छायाचित्रे आज आपल्याला पाठवली आहेत. ती दुसऱ्या कोणत्याही परवानाधारक तंत्रज्ञाला अवश्य दाखवावीत. नवी फर्नेस घ्यावीच लागेल असेही नाही. हीट एक्स्चेंजरची हमी अनेकदा इतर भागांपेक्षा अधिक वर्षांची असते, तेव्हा फर्नेसवरील पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक कळवल्यास उत्पादकाकडे आम्हीच चौकशी करू. मजुरी बहुधा त्यात धरलेली नसते, हे आधीच सांगतो.

पहिल्या भेटीचे शुल्क परत करत आहोत आणि दुसऱ्या भेटीचे घेणार नाही. यापुढे रोलआउट स्विच उघडलेला आढळल्यास, ब्लोअर सुरू होण्याआधीची आणि नंतरची ज्योत पाहिल्याशिवाय आमचा कोणीही काम पूर्ण झाल्याची नोंद करणार नाही.

तोवर कृपया गॅसची तोटी उघडू नये आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच लावावा. फर्नेस सुरू होती त्या तीन दिवसांत घरात कोणाला डोकेदुखी किंवा मळमळ झाली असेल, विशेषतः बाळाला काही त्रास जाणवला असेल, तर डॉक्टरांना फर्नेसची ही सर्व हकिकत आवर्जून सांगावी.