सॅफोला कड्यावरून ढकलणं पुरे करा

'प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोने फाओन नावाच्या देखण्या नावाड्यापायी कड्यावरून उडी मारून जीव दिला. तिच्या साऱ्या कविता पोपने १०७३ साली जाळल्या. आज एकच उरली आहे.' हा फॉरवर्ड ग्रुपवर फिरत होता तोवर मी सोडून दिलं. आता भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घातलाय.

आधी उडी. सॅफो लेस्बॉस बेटावरची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळची. कडा आहे लेफ्काडा बेटावर, ग्रीसच्या पार पश्चिमेला. जीव द्यायला बाई अख्खा ग्रीस ओलांडून गेली? आणि हे सांगतो कोण, तर मेनँडर. विनोदी नाटकं लिहिणारा, तिच्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी झालेला. त्याच्या ओळी स्ट्रॅबो या भूगोलकाराने उतरवून ठेवल्यात, आणि तोच लगेच पुढे म्हणतो की जुन्या गोष्टींची जास्त माहिती असलेले लोक या कड्यावरून पहिली उडी सॅफोची नव्हे, दंतकथेतल्या केफालस नावाच्या पुरुषाची मानतात. तिथवर वाचायची तसदी कोण घेतो! फाओन तर दंतकथेतलाच: म्हातारा नावाडी, प्रेमदेवता ॲफ्रोडायटीला फुकट पलीकडे सोडलं म्हणून तिने त्याला रूप दिलं.

उलट २००४ साली जर्मनीतल्या कोलोनच्या एका पपायरसमुळे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदामुळे, सॅफोची एक कविता जवळजवळ पूर्ण हाती आली. तीत केस पांढरे झालेत, एके काळी पाडसासारखे नाचणारे गुडघे आता भार घेत नाहीत. पण करणार काय, माणूस म्हटला की म्हातारपण आलंच. कवितेतली 'मी' म्हणजे सॅफोच, असं शपथेवर नाही सांगता येणार. पण कड्याकडे धावत सुटलेल्या बाईचा हा सूर नव्हे.

पोपच्या होळीची समकालीन नोंद नाही. ही कथा कित्येक शतकांनी लिहिली गेली. चर्चवाल्यांना सॅफो खुपायची, हे मान्य. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टेशियन या ख्रिस्ती लेखकाने तिला चक्क छिनाल ठरवलंय. पण तिची इऑलिक ही ग्रीक बोली पुढच्यांना जड गेली, नकला होईनाशा झाल्या आणि ग्रंथ संपले. यात आगकाडी लागत नाही.

'एकच कविता' हे अर्धं खरं. धड पूर्ण अशी ॲफ्रोडायटीची प्रार्थनाच, तीही हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या प्राचीन ग्रीक लेखकाने शैलीचा नमुना म्हणून दिली म्हणून वाचली. पण तुकडे भरपूर आहेत. कितीतरी इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून निघाले. एका तुकड्यात सोनेरी फुलांसारखी लाडकी क्लेइस आहे, आणि तिच्या बदल्यात अख्खं लिडियाचं श्रीमंत राज्य दिलं तरी नको म्हणणारी सॅफो. फॉरवर्ड करायचंच तर हे करा ना.