मेंदूला साखर कमी पडली तर भूक मरत नाही, भडकते

फॅमिली ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून माझ्या मावशीने ३ आठवडे डायबेटिससाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतलंच नाही, कुणाला बोललीही नाही, आणि परवा उपाशीपोटी शुगर २४० आली तेव्हा आम्हाला कळलं. मेसेजमध्ये काय, तर हे इंजेक्शन मेंदूची साखर तोडतं म्हणून भूक मरते, ती कायमची मरते, औषध सरड्याच्या विषाचं आहे, आणि मेथीच्या पाण्याने तेच काम होतं.

मावशी घाबरली ती पहिल्या मुद्द्याला. अहो, ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांनी आठवून बघा, शुगर एकदम उतरली की काय होतं? हात थरथरतात, दरदरून घाम येतो आणि दिसेल ते खावंसं वाटतं! साखर कमी पडली की मेंदू भूक वाढवतो, मग साखर तोडून भूक मारणार कशी? शिवाय मेंदूला रक्तातली साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही, आणि हे औषध इन्सुलिन वाढवतं ते साखर चढलेली असताना, ती नॉर्मलला आली की तो जोर ओसरतो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर शुगर उतरू शकते, हे मान्य, म्हणून तर डॉक्टर त्यांचा डोस कमी करतात.

औषध मेंदूवर काम करतं हेही खरंय. जेवल्यावर आतडं जीएलपी-१ हार्मोन सोडतं, ते काही मिनिटांत संपतं. सेमाग्लुटाइड त्याच हार्मोनवर बेतलेलं, फक्त आठवडाभर पुरणारं, आणि हायपोथॅलॅमस (मेंदूतला भूक सांभाळणारा भाग) नि मेंदूच्या देठाशी जिथे पोट भरल्याचा निरोप पोचतो तिथे ते काम करतं. मावशीच म्हणायची, आता दुसऱ्या पोळीची आठवण होत नाही.

कायमची म्हणाल तर सेमाग्लुटाइडची २०२१ ची स्टेप १ ट्रायल बघा, लठ्ठपणा किंवा जास्त वजन असलेली पण डायबेटिस नसलेली १९६१ माणसं, ६८ आठवडे, औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. नंतर त्यातल्या काहींवर औषध थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. भूक मेली असती तर ते आलं कुठून?

सरड्याचं म्हणाल तर ते एक्सेनाटाइड, २००५ मध्ये आलेलं वेगळं औषध, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून लॅबमध्ये बनवलेलं. मेथीने शुगरला थोडी मदत होते, जरूर घ्या, पण इंजेक्शन सोडून नाही.

सेमाग्लुटाइडने मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, वजनाबरोबर स्नायूही कमी होतात. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी काही बोलले नसते.

मावशी, उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर आणि ३ आठवडे बंद होतं हे स्पष्ट सांग, आपल्या मनाने जुन्या डोसवर सुरू करू नकोस, एवढ्या खंडानंतर कदाचित ते परत कमी डोसपासून चढवतील.