पाणी तुंबलं तरी मॅनहोल उघडू नका

आत्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली चुलतभावाच्या दहावीतल्या मुलाने लगेच लिहिलं, "आमच्या चाळीत पहार आहे, मी उघडेन." त्याला चार जणांनी अंगठे दिले. एरवी असले मेसेज मी वाचून सोडून देते, पण हा सोडण्यासारखा नाही.

मेसेज थोडक्यात असा: मुंबईत पाणी तुंबलं की पालिकेची वाट बघू नका, जवळच्या मॅनहोलचं झाकण काढा, पाच मिनिटांत रस्ता मोकळा. इंग्रजांची गटारं उत्तम होती, आपल्या लोकांच्या प्लास्टिकने ती बुजली. आणि पंपिंग स्टेशनं म्हणजे पैसे खायचं कुरण, समोर समुद्र असताना पंप हवेत कशाला? शेवटी "प्रत्येक मुंबईकरापर्यंत पोचवा".

आधी झाकणाचंच बोलू.

29 ऑगस्ट 2017. दिवसभर धो धो पाऊस. बॉम्बे हॉस्पिटलमधले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर घरी निघाले होते. एल्फिन्स्टन रोड परिसरात पाणी इतकं होतं की गाडी पुढे जाईना, म्हणून ते उतरून प्रभादेवीच्या घराकडे चालत निघाले. वाटेत पाण्याखाली एक मॅनहोल उघडं होतं. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ मिळाला. आणि ते झाकण कोणी उघडलं होतं? पाणी लवकर ओसरावं म्हणून जवळच्याच रहिवाशांनी, असं तपासात पुढे आलं. पोलिसांनी चौघांना अटकही केली. ती माणसं गुंड नव्हती. आपल्या घरात पाणी शिरू नये एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या ग्रुपवरच्या मुलालाही एवढंच हवं आहे. मेसेज लिहिणाऱ्याला हा प्रसंग माहीत नसेल असं मला वाटत नाही, सगळ्या मुंबईला तो माहीत आहे. तरीही तो हे लिहितो, याचा मला संताप येतो.

पाणी जातच नाही असं मी म्हणत नाही. ओहोटी असेल आणि खालची वाहिनी भरलेली नसेल, तर झाकण काढल्यावर पाणी भोवरा घेत खाली जातं. पालिकेचे कामगारसुद्धा काही ठिकाणी झाकणं उघडतात, तेही मी पाहिलंय. पण ते तिथे बॅरिकेड लावतात, लाल झेंडा रोवतात आणि पाणी उतरेपर्यंत माणूस उभा ठेवतात. झाकण परत बसल्याशिवाय तो हलत नाही. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. तिथे फक्त "काढा आणि बाजूला ठेवा" आहे. गढूळ पाण्यात उघडं भोक दिसत नाही. जो जोर पाणी खाली खेचतो तोच पायही खेचतो. पोर असो, म्हातारं माणूस असो, भरल्या अंगाचा गडी असो, गुडघाभर पाण्यातसुद्धा त्या ओढीपुढे टिकाव लागत नाही.

शिवाय उघडणार कुठलं? मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मैल्याच्या वेगळ्या. रस्ता पाण्याखाली असताना पायाखालचं झाकण कुठल्या वाहिनीचं ते कळत नाही. मैल्याचं उघडलंत तर पावसाचं पाणी त्या वाहिनीत घुसतं, ती भरून वाहू लागते आणि खालच्या गल्लीतल्या संडासांतून तीच घाण वर येते. त्यात वाहून येणारा कचराही सरळ आत जातो, म्हणजे पुढच्या पावसाला तीच वाहिनी तुंबायची सोय.

आता समुद्र आणि पंप. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिच्या अहवालातला एक हिशेब प्रत्येक मुंबईकराने पाठ करावा. पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी 186 मुखं. त्यातली 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. 135 सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या वर फक्त 6. म्हणजे मोठी भरती असली की 186 पैकी 180 तोंडांशी समुद्र उभा असतो. पाणी आपसूक बाहेर जात नाही, उलट समुद्रच आत यायला बघतो. ते उचलून पलीकडे टाकायला पंपच लागतात. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध, या सहा ठिकाणी ते आहेत आणि एकेक पंप सेकंदाला 6 हजार लिटर पाणी फेकतो. झाकण उघडूनही भरतीच्या वेळी पाणी का हलत नाही, याचंही उत्तर त्याच आकड्यांत आहे. वाहिनी खालून भरलेली असते.

पैसे खाल्ले जात नाहीत असं मी म्हणणार नाही. मोगरा आणि माहुलची पंपिंग स्टेशनं वर्षानुवर्षं रखडली. 26 मे 2025 च्या पावसात हिंदमाता, गांधी मार्केटसारख्या ठिकाणचे छोटे पंप वेळेवर चालले नाहीत आणि पालिकेलाच ठेकेदारांना दंड लावावा लागला. त्याचा जाब विचाराच. पण पंप बंद राहिले म्हणून पाणी साचलं, याचा अर्थ पंप लागतात असा होतो. मेसेजवाला नेमका उलटा अर्थ काढतो.

इंग्रजांची गटारं मजबूत होती, मान्य. पण ती ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटीच्या हिशेबाने बांधलेली होती. ताशी 50 पर्यंत न्या, असं ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा, अहवाल 1993 मध्ये सांगून बसला. पुढची बारा वर्षं त्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही आणि मग 2005 उजाडलं. परळ, भायखळा, महालक्ष्मी या पट्ट्याचा बराचसा सखल भाग मुळात बेटांमधल्या खाजणावर भर घालून झालेला आहे. तिथली सखल जमीन इंग्रजांच्या काळातही सखलच होती.

प्लास्टिकचं म्हणाल तर ते अर्धं खरं. नाले प्लास्टिकने तुंबतात, दरवर्षी गाळासोबत ते पोत्यांनी निघतं. पण रस्त्यावरचा माणूस पिशवी टाकतो म्हणून 2025-26 मध्ये 74 हजार कोटींच्या वर अर्थसंकल्प असलेल्या महापालिकेची जबाबदारी संपत नाही, आणि पिशवी उचलली म्हणून समुद्राची पातळी उतरत नाही.

आत्याला मी फोन केला. तिने मेसेज काढला, पण तोपर्यंत तो तिच्या भजनी मंडळात गेला होता. म्हणून हे सविस्तर लिहिलं. तुमच्याही ग्रुपवर तो आला असेल तर खाली एवढं टाका: पाणी तुंबलं की पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर फोन करा, जागा नेमकी सांगा. उघडं मॅनहोल दिसलं तर आधी तिथे काठी, फांदी, खुर्ची, मिळेल ते उभं करा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून थांबवा. आणि पावसाळ्याआधी, रस्ता कोरडा असताना, गल्लीतल्या मॅनहोलच्या झाकणाखाली संरक्षक जाळी आहे का हे वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा. नसेल तर बसवून घ्या, कारण झाकण सरकलं तरी माणूस त्या जाळीवर अडकतो.