बीपीच्या गोळ्याही ऊसतोड टोळीबरोबर जाऊ द्या

आमच्याकडे नेत्याचा वाढदिवस आला की आरोग्य शिबिर लागतं. मंडप, फ्लेक्स, रांगेत बीपी मोजणं; फोटो निघाले की मंडप सुटतो. ज्याचं बीपी 170 निघालं त्याच्या हातात चिठ्ठी आणि फार तर पाच दिवसांच्या गोळ्या. सहाव्या दिवशी काय? बीपी म्हणजे ताप नव्हे, पाच दिवसांत उतरायला.

यावर उपाय ठाऊक नाही असंही नाही. 2017 मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात जादू काहीच नाही. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी ठरलेली मोजकी औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, तपासणी घराजवळ, कार्डावर नोंद, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. 2022 मध्ये याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. माझ्या मते साठा संपू न देणं हेच यातलं निम्मं काम, आणि नेमकं तेच कुणाच्या फोटोत येत नाही.

पण ही सगळी घडी गावात राहणाऱ्या माणसाची. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या आसपास निघते ती मार्च-एप्रिलला परतते. कार्ड गावाकडे, पेशंट सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. दवाखान्यात गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. एका मावशींनी पिशवीतून गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा काढून दाखवला होता. मेडिकलवाल्यानं कात्रीनं चार गोळ्या कापून दिलेल्या. औषधाचं नाव उरलेल्या तुकड्यावर, दुकानातच. आता पुढच्या डॉक्टरनं काय ओळखायचं? "चक्कर येत नाय, मग गोळी कशाला?" असं त्या म्हणाल्या. आपण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. खाडा आपल्याला पडत नाही ना!

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना टोळी निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. "एवढ्या दिल्या तर हरवतील, वाया जातील," असं सांगतात. हरवू देत थोड्या. बीपी वाढून लकवा मारलेल्या माणसाच्या उपचारासाठी घर मुकादमाकडून पुन्हा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतं, त्यापुढे दहा-वीस गोळ्या काय! नवीन पेशंट आणि ज्यांचं बीपी अजून वरच आहे त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर महिन्यातून एकदा संध्याकाळी नर्स जाऊ दे, फडावरून माणसं परतल्यावर. आणि कार्ड कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालायला हवं.

यंदाची टोळी निघायच्या आत एवढं व्हायचं, तर जादा गोळ्यांची मागणी सप्टेंबरातच वरच्या कार्यालयात जायला हवी.