बंड्याला उसण भरलेली नाही, मामा

काल रात्री साडेनऊला साताऱ्यातल्या गोडोलीहून मामींचा फोन. "अगं, बंड्याच्या कमरेत उसण भरलीय. ग्रुपवर उपाय आलाय, मामा तेल गरम करतायत." बंड्या म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा डॅशहाऊंड. लांबीला बाकाएवढा, उंचीला पाटाएवढा. आधी गॅस बंद करायला लावला, मग तो मेसेज मागवला. आज सकाळी तोच मेसेज इथे कराडात शेजारच्या काकूंच्या फोनवर दिसला, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: कुत्रा मागच्या पायांनी लटपटला तर घाबरू नका, कंबर लचकलेली असते. कोमट तेल चोळा, मागचे पाय धरून ओढा, 'कट्' वाजलं की हाड बसलं. पंजा चिमटल्यावर पाय आखडला तर नस शाबूत. ओरडत नसेल तर दुखत नाही. माणसाची दुखण्याची अर्धी गोळी द्या. रोज चालवा, नाहीतर पाय जखडतात. पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो, डॉक्टर नुसते पैसे काढतात. पायाळू माणूस शोधून लाथ मारायला लावा असं तेवढं लिहिलेलं नाही, ही कृपाच.

पाय ओढण्याचं आधी बघू, कारण मामा तेच करायला बसले होते. अहो, तिथे बसवण्यासारखं काही निखळलेलंच नसतं! दोन मणक्यांमध्ये गादी असते, बाहेरून चिवट वेष्टण आणि आत मऊ गर. डॅशहाऊंड, बीगल, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत हा गर कोवळ्या वयातच सुकून भरड व्हायला लागतो. पुढे कधीतरी, बऱ्याचदा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, सोफ्यावरून उडी मारताना किंवा काहीही न करता वेष्टण फाटतं आणि गर वरच्या मज्जारज्जूवर दाबला जातो. बहुतेक वेळा बरगड्या संपून कंबर सुरू होते तिथेच. अशा पाठीला ओढाताण करणं म्हणजे फुटलेली ट्यूब आणखी पिळणं. सकाळी लटपटत का होईना चालणारा कुत्रा संध्याकाळी मागचं अंग फरफटवायला लागू शकतो, आणि मग घरचे म्हणणार, पायांवरनं वारं गेलं.

चिमट्याचा मुद्दा तर याहून घातक. पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूकडे जाणारी वाट पुरती बंद असली तरी पाय आखडतो. डॉक्टर चिमट्यानं बोटाचं हाड दाबतात तेव्हा पायाकडे नाही, तोंडाकडे बघतात. कुत्रा मान वळवतो का, कळवळतो का? ती जाणीव गेली असेल तर हातात वेळ फार थोडा असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनं (एसीव्हीआयएम) २०२२ साली या आजारावर एकमतानं मार्गदर्शन काढलं. त्यातला हिशोब असा की जाणीव गेलेल्यांपैकी शस्त्रक्रिया झालेले सुमारे ६० टक्के पुन्हा चालतात, शस्त्रक्रियेविना ठेवलेले जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. आणि मेसेज सांगतो पंधरा दिवस वाट बघा.

ओरडत नाही म्हणे. बंड्याही ओरडत नव्हता. पाठीची कमान करून, पोट ताठ धरून कोपऱ्यात उभा होता. सोफ्यावर चढायचं त्यानं चार दिवसांपूर्वीच सोडलं होतं, तेव्हा मामींना वाटलं शहाणा झाला. शहाबादी फरशीवर चालताना मागून खर्र खर्र आवाज यायचा. नखं बघायला सांगितली तर मागच्या पायांची पुढून घासलेली. मग मी सांगितलं, पोटाखाली हात देऊन उभा धरा आणि मागचा एकेक पंजा हळूच उलटा करून ठेवा, वरची बाजू फरशीला टेकेल असा. धडधाकट कुत्रा तो तत्काळ सरळ करतो.

गोळीबद्दल एवढंच की आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलं काही कुत्र्याच्या पोटात गेलं तर आतड्याला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. अर्धी असो की पाव.

आता, 'आपोआप बरा होतो' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. नुसती दुखणारी किंवा थोडी लटपटणारी बरीच कुत्री शस्त्रक्रियेविना सुधारतात. पण ती सुधारतात कोंडून ठेवल्यामुळे. त्याच मार्गदर्शनात किमान चार आठवडे हालचाल बंद ठेवायला सांगितलंय, वेष्टण भरून यायला. मेसेज सांगतो रोज चालवा! आणि खर्चाचं म्हणाल तर तोही खरा आहे. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, एमआरआय किंवा सीटी लागतो, तो काही गल्लीत होत नाही. पण म्हणून तपासायलाही न्यायचं नाही? साताऱ्याहून खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मामींनी फोन स्पीकरवर टाकून पंजे उलटे करून बघितले. उजवा लगेच सरळ झाला. डावा तसाच राहिला. "बघतच नाही गं तो पायाकडं," मामी म्हणाल्या. मामांनी माळ्यावरची आंब्याची पेटी काढली, आत गोधडीची घडी घातली, एक हात छातीखाली नि एक कमरेखाली देऊन बंड्याला आडवाच उचलला. गाडी निघाली तेव्हा तेल ओट्यावर निवत पडलं होतं.